बागेचं दार कुणाकडे उघडतं

गेले चार महिने एकाच बिल्डिंगच्या ड्रॉइंगवर बसलेय. खाली रस्त्याला लागून दुकानं, दुकानांच्या छतावर म्हणजे पोडियमवर एक मोठी बाग, बागेच्या एका बाजूला दवाखाना आणि दोन मजले ऑफिसं, आणि त्याच्या वर फ्लॅट. ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटने काय हवं ते लिहून दिलेल्या कागदात, बागेबद्दल एकच ओळ होती, "सर्वांसाठी हिरवी जागा". ती ओळ मी इतक्या वेळा वाचलीय की आता त्यातला "सर्वांसाठी" हाच शब्द डोक्यात घोळतोय, कारण हिरवी जागा करणं त्यामानाने सोपं असतं, ती सर्वांची करणं हे खरं काम.

आधी मातीबद्दल लिहिते, कारण तिथे मी एकदा चुकलेय आणि ती चूक अजून विसरले नाहीये.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी अशाच एका प्रोजेक्टवर ज्युनियर होते. सगळा प्लॅन झाला, कॉलम झाले, स्लॅब ठरले, पार्किंग बसलं, आणि मग मधे जी मोकळी जागा उरली त्यात हिरवा रंग भरून झाडांचे गोल काढायचं काम माझ्याकडे आलं. मी छान मोठमोठे गोल काढले, सावलीसकट. खाली स्लॅबवर मातीसाठी फक्त ३०० मिलिमीटर जागा सोडलेली आहे हे सेक्शनमध्ये, म्हणजे बिल्डिंग उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, स्पष्ट दिसत होतं, पण सेक्शन आणि प्लॅन एकत्र ठेवून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही आणि दुसऱ्याही कुणाच्या आलं नाही. ३०० मिलिमीटरमध्ये लॉन येतं, छोटी फुलझाडं येतात, झाड येत नाही. मग लोक राहायला आल्यावर झाडं हवीत म्हणून वर विटांचे ओटे बांधून त्यात माती भरली गेली, ओट्यांच्या भिंती बांधताना खालचं वॉटरप्रूफिंग कुठेतरी फाटलं, आणि पुढच्या दोन वर्षांत खालच्या दुकानांच्या सिलिंगमधून पाणी टपकायला लागलं. पाणी जिथे टपकतं तिथेच वर भोक असतं असं नाही, ते स्लॅबवरून कुठून कुठे पळत येतं, त्यामुळे शेवटी अख्खी बाग उकरावी लागली. तोपर्यंत थोडीफार रुजलेली झाडं गेली ती गेलीच, आणि पुन्हा माती भरायची कुणाची तयारी नव्हती, तिथे टाईल्स बसल्या. मी त्या टाईल्स बघून आलेय. तिथे आता दुपारी कुणी पाय ठेवत नाही.

तेव्हापासून कुठलाही असा प्रोजेक्ट आला की मी पहिल्या आठवड्यातच मातीची खोली विचारते. आकडे अगदी साधे आहेत. लॉनला साधारण २०० ते ३०० मिलिमीटर, झुडपांना ४५० ते ६००, मध्यम झाडाला एक मीटरच्या पुढे, आणि नुसती खोली पुरत नाही, मुळं आडवी पसरतात त्यामुळे माती रुंदीलाही मोकळी पाहिजे, एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनी खड्ड्यात झाड काही वर्षं तग धरतं आणि मग थांबतं. आता वजन बघा. पाण्याने भिजलेली माती एका घनमीटरला १६०० ते १८०० किलो, कधी त्याहूनही जास्त भरते. म्हणजे एक मीटर खोल मातीचं एक चौरस मीटर म्हणजे पावणेदोन टनाच्या आसपास वजन. राहत्या फ्लॅटच्या स्लॅबसाठी माणसं-फर्निचर मिळून जो भार धरतात तो चौरस मीटरला साधारण २०० किलो असतो, तर हे त्याच्या आठ-नऊ पट झालं. हलक्या मातीचे मिक्स मिळतात, त्याने फरक पडतो, पण झाड वाढणार, वाऱ्याने हलणार, त्याला धरून ठेवायला थोडं वजनही लागतंच.

म्हणून झाडं कुठे लावायची हे माळ्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियरशी बोलायचं असतं. सगळ्यात सोपी जागा म्हणजे कॉलमच्या डोक्यावर, कारण तिथे वजन सरळ खाली जातं. स्लॅबच्या मधोमध झाड ठेवलं तर त्याच्यासाठी वेगळे बीम लागतात, खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की सगळ्यात आधी कात्री झाडाला लागते. मग कॉलमची ग्रिड हीच झाडांची ग्रिड होते, पण त्यात अजून एक गुंता असतो. बेसमेंटमध्ये गाड्या बसवायच्या तर दोन कॉलममधे साधारण आठ मीटर अंतर सोयीचं पडतं, तीन गाड्या नीट बसतात, आणि वरच्या फ्लॅटच्या खोल्या आठ मीटरच्या नसतात. मग फ्लॅटच्या भिंती आणि खालचे कॉलम जुळत नाहीत, त्यामुळे जिथे वरचे टॉवर खाली टेकतात तिथे पोडियमच्या लेव्हलला दीड-दोन मीटर खोल ट्रान्सफर बीम, म्हणजे वरचं वजन खालच्या कॉलमवर वळवणारे बीम, येतात. बहुतेक लोक या बीमकडे कटकट म्हणून बघतात, मला ती संधी वाटते. खोल बीमच्या त्या पट्ट्यात मधला स्लॅब खाली उतरवता येतो, आणि मग माती जमिनीच्या लेव्हललाच बसते, वर ओटा बांधावा लागत नाही, झाड जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं आणि लहान मूल सरळ त्याच्या बुंध्यापर्यंत पळत जातं. हे पहिल्या महिन्यात ठरवलं तर जवळजवळ फुकट होतं, सहाव्या महिन्यात अशक्य होतं.

वॉटरप्रूफिंगबद्दल एवढंच सांगते की माती टाकायच्या आधी स्लॅबवर पाणी भरून निदान दोन-तीन दिवस ठेवून बघा, आणि ही टेस्ट झाल्यावर त्या स्लॅबवर कुणालाही एकही खिळा ठोकू देऊ नका. त्याच्यावर मुळं अडवणारी शीट, मग पाणी वाहून नेणारा थर, मग माती खाली झिरपू नये म्हणून फिल्टरचं कापड, मग माती. आणि पाणी जाण्याच्या प्रत्येक तोंडावर वरून उघडता येईल असा चेंबर हवा, नाहीतर पाच वर्षांनी ते तोंड कुठे होतं हे कुणालाच आठवत नाही.

आता दारं. माझ्या मते सामायिक बागेचं नशीब दारांवर ठरतं.

बिल्डिंगमध्ये दुकानं, ऑफिसं आणि घरं एकत्र असली म्हणजे लोक एकत्र येतातच असं अजिबात नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच बिल्डिंगांमध्ये तिन्ही एकमेकांवर नुसते रचलेले असतात. दुकानांची तोंडं रस्त्याला, बागेकडे त्यांची पाठ, म्हणजे बागेकडून काय दिसतं तर बंद शटर, खोक्यांचे ढीग आणि एसीची युनिटं. ऑफिसची लिफ्ट बेसमेंटमधून थेट ऑफिसात. फ्लॅटची लिफ्ट थेट फ्लॅटमध्ये. बागेत जायचं तर मुद्दाम जायला लागतं, एक जास्तीचं दार ढकलून, आणि माणूस मुद्दाम फार कमी वेळा जातो. येता-जाता पाय पडतात तिथेच माणूस रेंगाळतो. म्हणून मी प्लॅनवर आधी रोजचे रस्ते काढते, सकाळी कोण कुठून कुठे जाईल, संध्याकाळी कुठून येईल, आणि त्यातले निदान काही रस्ते बागेतून किंवा बागेच्या कडेने जातील असं बघते. कुरिअर घेऊन येणाऱ्याने बागेतून यायची गरज नाही, पण शाळेतून येणाऱ्या मुलाने यावं असं मला मनापासून वाटतं.

कोपनहेगनमधलं ८ हाऊस या बाबतीत मला फार आवडतं. ब्यार्के इंगेल्सच्या ऑफिसचं डिझाईन, २०१० मध्ये पूर्ण झालं, ४७६ घरं आहेत, खाली ऑफिसं आणि दुकानं, आणि वरून बघितलं तर इंग्रजी आठाचा आकार, म्हणजे आपोआप दोन अंगणं तयार होतात. तिथे एक रस्ता जमिनीपासून हळूहळू चढत दहाव्या मजल्यापर्यंत जातो, सायकल चालवत जाता येतं, आणि घरांची पुढची दारं, छोट्या बागा त्या रस्त्यावर उघडतात. म्हणजे शेजारी भेटण्यासाठी लिफ्टमधले तीस सेकंद एवढीच जागा उरत नाही. आणि आठाची जिथे गाठ पडते तिथे इमारतीला आरपार वाट ठेवलीय, एका बाजूच्या मोकळ्या जागेतून दुसऱ्या बाजूला जाता येतं, त्यामुळे अंगण म्हणजे बंद डबा होत नाही. दहाव्या मजल्यापर्यंत रस्ता नेणं प्रत्येकाला जमणार नाही, पण घराचं दार येण्याजाण्याच्या वाटेवर उघडावं ही कल्पना कुणालाही परवडते.

दुसरं उदाहरण सिंगापूरचं कंपुंग अॅडमिरल्टी. वोहा या आर्किटेक्ट मंडळींचं काम, २०१८ मध्ये वर्ल्ड आर्किटेक्चर फेस्टिवलमध्ये वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली होती. जागा फक्त ०.९ हेक्टर आणि उंचीची मर्यादा ४५ मीटर, आणि त्यात खाली सगळ्यांसाठी खुलं मैदान, मधे मेडिकल सेंटर, वर पायऱ्या-पायऱ्यांची बाग आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १०४ फ्लॅट. थरावर थर रचलेत, पण नुसतं रचून सोडलेलं नाही. लहान मुलांचं पाळणाघर आणि आजी-आजोबांचं केंद्र शेजारी-शेजारी ठेवलंय, मेडिकल सेंटरमध्ये थांबलेल्या माणसाला बाहेर हिरवं दिसतं. कुणी कुणाशी मुद्दाम ओळख करून द्यायला नको, नुसती दारं आणि खिडक्या बरोबर ठेवल्या की बाकीचं माणसं करतात. मी ते सेक्शन कितीतरी वेळा उघडून बघत बसते.

वेळेचं गणित पण याच्याशीच जोडलेलं आहे. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्जनी १९६१ मध्येच हे मांडलं होतं की एखाद्या भागात एकाहून जास्त मुख्य कामं चालली पाहिजेत, म्हणजे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी माणसं बाहेर पडतात आणि रस्ता जिवंत राहतो. तेच बागेला लागू आहे. नुसत्या फ्लॅटची बाग दुपारी अकरा ते चार ओस पडते, नुसत्या ऑफिसची संध्याकाळी सातनंतर आणि सुट्टीच्या दिवशी. दोन्ही असतील तर सकाळी फिरणारे म्हातारे, दुपारी डबा घेऊन बसणारे ऑफिसवाले, संध्याकाळी मुलं, रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं हवा खायला आलेले लोक, अशी जागा दिवसभर वापरात राहते आणि कायम कुणाचं तरी लक्ष असतं. हे फक्त तेव्हाच होतं जेव्हा सगळ्यांना दार आहे. आणि भांडणं होतात, ती पण धरून चालायला हवं. ऑफिसचे लोक सिगरेट ओढायला येतात ते नेमके कुणाच्या तरी बेडरूमखाली उभे राहतात. मग त्यांच्यासाठी वारा धूर बिल्डिंगपासून दूर नेईल अशा बाजूला, खिडक्यांपासून लांब, बसायला चांगली जागा करून दिली की ते तिकडे जातात. पाटी लावून कुणी जात नाही, चांगली जागा दिली की जातात.

बसायच्या जागेवरून आठवलं, विल्यम व्हाईट नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या मोकळ्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोक काय करतात हे कित्येक वर्षं बघितलं आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडले, त्यातला सगळ्यात मोठा असा की जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. ऐकायला इतकं साधं वाटतं, तरी कितीतरी महागड्या बागांमध्ये धड बसता येत नाही, कठड्याची उंची चुकलेली असते किंवा बाकावर भर दुपारचं ऊन असतं. उचलून हलवता येणाऱ्या खुर्च्या लोकांना आवडतात हेही त्याने दाखवलं, सावलीत सरकवता येतात, मैत्रिणीकडे तोंड करता येतं. मी आता झाडांच्या ओट्याचा कठडा काढला की ४५० मिलिमीटरला ठेवते आणि रुंदी एवढी ठेवते की त्यावर बसून शेजारी पिशवी पण ठेवता येईल.

ऊन आणि वारा. हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं म्हणून नियम सांगता येत नाही, पण प्रश्न तेच असतात. थंड प्रदेशात अंगणात हिवाळ्याचं ऊन आलं पाहिजे, म्हणजे सूर्याकडची बाजू बुटकी ठेवायची, ८ हाऊसमध्ये नैऋत्येचा कोपरा म्हणूनच खाली दाबलाय. गरम प्रदेशात उलट, तिथे बिल्डिंगचीच सावली बागेवर पडली तर बाग वापरता येते. कम्प्युटरवर अर्ध्या तासात सावलीचा अभ्यास होतो, वर्षातले चार दिवस आणि दिवसातले चार तास बघितले तरी चित्र कळतं, आणि तरी तो अभ्यास बिल्डिंगचा आकार ठरून गेल्यावर केला जातो याचं मला दरवेळी वाईट वाटतं. वाऱ्याचं असं की उंच टॉवरवर आपटलेला वारा भिंतीवरून खाली घसरतो आणि पायथ्याशी जोरात येतो. टॉवर पोडियमच्या अगदी कडेला उभा असेल तर हा वारा खाली रस्त्यावर, आणि आत सरकवला तर तोच वारा आपल्या बागेवर. मग टॉवरच्या पायथ्याशी छत किंवा मांडव लागतो, आणि बसायच्या जागा तिथून दूर.

अजून एक गोष्ट जी रेंडरिंगमध्ये, म्हणजे बिल्डिंग कशी दिसेल त्या रंगीत चित्रात, कधीच दिसत नाही, ती म्हणजे शाफ्ट, पाईप आणि डक्ट वर नेणारी उभी पोकळी. खाली दुकानांमध्ये उद्या एखादं हॉटेल येणार हे धरून चालायचं असतं. त्याच्या स्वयंपाकघराचा धूर वर गच्चीपर्यंत न्यायला सुरुवातीपासून डक्टची जागा सोडली नसेल तर तो धूर शेवटी बागेत सोडला जातो, दुसरीकडे जागाच नसते. तसंच बेसमेंटची हवा बाहेर काढायच्या जाळ्या, गाड्यांचा धूर घेऊन येणाऱ्या, त्या बरोबर खेळायच्या जागेशेजारी उगवलेल्या मी बघितल्यात, कारण प्लॅनवर तोच कोपरा रिकामा दिसत होता. जनरेटरचा आवाज तसाच. फ्लॅटचे पाण्याचे पाईप बागेच्या स्लॅबखाली वळवावे लागतात, ते कुठे वळतात तिथे पुढे दुरुस्तीसाठी शिरता येतं का. आगीचा बंब कुठपर्यंत येणार, त्याच्या वजनाला तो स्लॅब पुरेल का, त्याच्या शिडीच्या आड पंधरा वर्षांनी कुठलं झाड येईल. मी हे सगळं एका कागदावर लाल पेनने काढते आणि तो कागद बागेच्या ड्रॉइंगवर ठेवून बघते, जिथे लाल येतं तिथे मुलं नकोत आणि बाक नकोत.

देखभालीबद्दल एक उदाहरण द्यायचंय. मिलानचे बॉस्को व्हर्टिकाले टॉवर, स्टेफानो बोएरींचं डिझाईन, २०१४ मध्ये पूर्ण झाले, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. दोन टॉवर आणि त्यांच्या बाल्कन्यांमध्ये मिळून जवळपास ८०० झाडं. हिरवळ तिथे सामायिक अंगणात नाहीये, खाजगी बाल्कन्यांमध्ये आहे, तरी झाडांची निगा घरमालकाकडे सोपवलेली नाही, ती सामायिक आहे, दोरांवर लटकून येणारे माळी अख्ख्या बिल्डिंगची झाडं बघतात. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. झाड कुणाच्याही दारात असो, ते कोण बघणार हे कागदावर ठरलेलं आहे. आपल्याकडे ड्रॉइंग पूर्ण होतं, बिल्डिंग पूर्ण होते, आणि पाणी कोण घालणार, दुकानांनी किती द्यायचं, ऑफिसांनी किती, घरांनी किती, ही चर्चा पहिलं झाड वाळल्यावर सुरू होते. क्षेत्रफळावर वाटणी केली तर ऑफिसवाले म्हणतात आम्ही सुट्टीच्या दिवशी नसतो, वापरावर केली तर वापर मोजणार कोण. माझं मत क्षेत्रफळाच्या बाजूने आहे, कारण बागेमुळे प्रत्येक खिडकीची किंमत वाढते, मग तुम्ही खाली उतरा किंवा नका उतरू.

आणि बागेला वेळ द्या. जपानमधल्या फुकुओका शहरात अॅक्रॉस म्हणून इमारत आहे, एमिलिओ अंबाझ यांची, १९९५ ची, एका बाजूने साधी काचेची ऑफिस बिल्डिंग आणि दुसऱ्या बाजूने शेजारचं पार्क पायऱ्या-पायऱ्यांनी तिच्या अंगावर चढत गेलेलं. लोक त्या पायऱ्यांवरून चालत वर जातात. लावताना ७६ जातींची झाडं होती, आता १२० च्या आसपास जाती आहेत, काही नंतर लावलेल्या, काही पक्ष्यांनी आणलेल्या. तिथे झाडाला वाढायला माती मिळाली आणि कुणी दहा वर्षांत उकरून टाईल्स बसवल्या नाहीत.

तर परत माझ्या ड्रॉइंगकडे येते. माती ठरलीय. इंजिनियरशी दोन मीटिंग झाल्या, सात झाडं कॉलमच्या डोक्यावर बसली, दोन ठिकाणी स्लॅब खाली उतरवला, एका झाडाचा हट्ट मी सोडला. डक्टची जागा मिळाली, त्यासाठी प्रत्येक मजल्यावर एका फ्लॅटची बाथरूम थोडी छोटी झाली आणि त्यावरून बोलणी खाल्ली ती खाल्ली.

अडलंय ते एका दारावर. दवाखान्याची थांबायची खोली बागेला लागून आहे आणि मी तिथे बागेत उघडणारं दार दाखवलंय. रिपोर्टची वाट बघत बसलेल्या माणसाला चार पावलं बाहेर येऊन झाडाखाली उभं राहता यावं एवढंच माझं म्हणणं. क्लायंटचं म्हणणं, बाहेरचे लोक बागेत येतील, फ्लॅट घेणाऱ्यांना ते आवडणार नाही, दार काढून खिडकी करा. त्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही, ज्याच्या घराखाली अनोळखी माणसं बसणार त्याला काळजी वाटणारच. म्हणून मी बागेचे तीन भाग केलेत, दवाखाना आणि ऑफिसजवळचा खुला, मधला सगळ्यांचा, आणि टॉवरच्या पायथ्याचा छोटा, तीन पायऱ्या वर, फक्त राहणाऱ्यांचा. कुंपण नाही, नुसती उंची आणि झुडपं. मधल्या भागावर चौथ्या मजल्यापर्यंतच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या आहेत, मुलाला हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. दार संध्याकाळी दवाखान्याबरोबर बंद होईल.

सोमवारी मीटिंग आहे. त्यासाठी नवीन रेंडरिंग करत नाहीये, एकच सेक्शन मोठा प्रिंट काढलाय, त्यात दवाखान्यातली एक खुर्ची, ते दार आणि बाहेरचं झाड एका रेषेत येतं, खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यापासून फांदीपर्यंत मी पेन्सिलने एक तुटक रेघ ओढलीय. आज रात्री त्यात झाडाची मुळं पण काढणार आहे, खालच्या कॉलमपर्यंत.